पऱ्यांच्या कोपऱ्यातला पांढरा दगड

मी एक जुना पांढरा दगड आहे, आयर्लंडच्या मेयो भागातला. मित्रांनो, आज माझ्या छातीत धडधडते आहे. दगडाला कुठली छाती, असे म्हणाल. पण तुमच्या उशाशी यंत्र घरघरू लागले की मग मला विचारा.

माझा जन्म डोंगराखालच्या ओढ्यात झाला. पाण्याने मला घासून गुळगुळीत केले. एका संध्याकाळी मॅटी गॉहन तिथे आला. त्याच्या काखेत साबणाचे लाकडी खोके होते आणि खोक्यात त्याचे तान्हे बाळ. बाप्तिस्मा होण्याआधीच ते गेले होते, आणि अशा बाळांना तेव्हा चर्चच्या दफनभूमीत जागा नसे. मॅटीने शेताच्या वरच्या कोपऱ्यात खड्डा खणला आणि बाळाच्या उशाला मला ठेवले. तिथे माझ्यासारखे आणखी दगड होते. नाव कुणावरच नव्हते. तेव्हापासून मी त्या बाळाची राखण इमानेइतबारे करत आलो.

गावात याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे. मुलांना मात्र दटावत, "तिकडे पऱ्या राहतात, उचलून नेतील!" पोरे घाबरत आणि आम्ही सुखाने पडून राहत असू. गुरांनी अंग घासले, शेवाळ चढले, त्याचे काही वाटले नाही.

पण पोरे मोठी होतात. मॅटीचा नातू फिंटन आज यंत्र घेऊन कोपरा सपाट करायला आला. त्याची म्हातारी आत्या डेलिया काठी टेकत धावली.

"फिंटन, तिकडे नको रे!"

"आत्या, तुझ्या पऱ्यांना म्हणावं, दुसरीकडे बिऱ्हाड करा!"

डेलिया नुसतीच काठी हलवत "नको, नको" म्हणत राहिली, का ते सांगेना. जन्माची सवय! यंत्राचा दात माझ्या अंगाला लागला. मी कळवळलो. बोल गं बाई, आता तरी बोल!

ती चिखलात माझ्यावरच येऊन बसली.

"पऱ्या कसल्या, मेल्या! माझा भाऊ आहे इथं. तुझा काका!"

फिंटनने यंत्र बंद केले. टोपी काढून तो खाली उतरला.

"आणि हे बाकीचे दगड, आत्या?"

"ज्याचं त्याला ठाऊक होतं. ती माणसं गेली सगळी."

मित्रांनो, मी वाचलो, तरी भीती जात नाही. या डोंगराखाली असे कोपरे आणखी आहेत. आम्हाला बोलता येत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, त्यांना बोलते करा. माझ्या शेजारच्या दगडाखाली कुणाचे बाळ आहे, हे सांगायला आता कुणीच उरलेले नाही.