फोर्कमधली हवा

काकू दुकानात शिरल्या आणि नटबोल्ट हातातलं काम टाकून उठला. नटबोल्ट म्हणजे आपला सायकल मेकॅनिक. त्याचं खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागत असेल. काकूंनी मुलाची डोंगरावर चालवायची सायकल घरापासून ढकलत आणली होती.

"सील बदलून दे," त्या म्हणाल्या. "आज चौपन्नवर आलाय."

हे सगळं नटबोल्टनं स्वतःच ओढवून घेतलेलं, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही. काकूंचा मुलगा त्याचा मित्र. या सायकलचं पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये स्प्रिंग नसते, हवा असते. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ती कमीजास्त भरायची, म्हणजे दणके फोर्क खातो आणि हात वाचतात. आजारी पडायच्या आधी मुलानं स्वतः भरली होती आणि फोर्कवर दाबाचा आकडा लिहून ठेवला होता, ब्याऐंशी. तो गेल्यावर काकूंनी विचारलं, हा आकडा कसला रे? तर या शहाण्यानं सांगून टाकलं, "त्याचं वजनच समजा, काकू."

समजा म्हणे! काकूंचा जन्म शिवणकामात गेलेला. नुसत्या मापांवरून माणूस डोळ्यांपुढे उभा करणं हा त्यांचा धंदा. तेव्हापासून दर रविवारी त्या मुलाचा छोटा पंप फोर्कला लावून त्याच्या काट्यावर आकडा बघायच्या आणि मापांच्या वहीत उतरवायच्या. अठ्ठ्याहत्तर. मग चौऱ्याहत्तर. मग सत्तर. एकदा फोनवर कुजबुजल्या, "अरे, तो खंगत चाललाय. पंप काढताना त्याचा श्वास ऐकू येतो मला." भर दुपारी नटबोल्टच्या अंगावर काटा आला. वेळ मारून न्यायला तो म्हणाला, सील, म्हणजे आतली हवा अडवणारं रबर, गळत असेल, बघू कधीतरी.

सील कसलं गळतंय, ठणठणीत होतं. पंप लावला की फोर्कमधली थोडी हवा पंपाच्या नळीत शिरते आणि पंप काढला की फुस्स करून निघून जाते. दर खेपेला. ही गोष्ट कुठल्याही मेकॅनिकला ठाऊक असते, पण त्या बाईला ती सांगायची कुठल्या तोंडानं?

आणि आता सील बदलायचं, म्हणजे आधी सगळी हवा सोडायची. त्यानं पाना उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. नाही, हे आपल्या हातून व्हायचं नाही.

"काकू, बसा जरा," तो म्हणाला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. सीलची थापसुद्धा.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून मापांची वही काढली आणि आकड्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी बघते म्हणून?"

"हो."

"आणि नाही बघितलं तर?"

"तर राहील, काकू. पुष्कळ दिवस राहील."

"हॉस्पिटलात मीच त्याला रोज वजनकाट्यावर उभं करायचे," त्या म्हणाल्या. "नर्स सांगायची, रोज नका करू, त्याला उभं राहवत नाही. तोही म्हणायचा, आई, उद्या बघू. पण मला चैन पडायचं नाही रे. कालच्यापेक्षा किती कमी, एवढंच डोक्यात."

"तो पंप माझ्याकडे ठेवून जा," नटबोल्ट म्हणाला. "मी कुलपात ठेवतो. सायकल खुशाल घरी न्या."

काकूंनी मान डोलावली. पिशवीतून पंप काढला. त्यानं हात पुढे केला, तर त्या सायकलकडे वळल्या, वाकल्या, फोर्कवरचं टोपण फिरवून काढलं आणि नळी सफाईनं बसवली.

"काकू, नका ना. आत्ताच सांगितलं ना मी?"

"कळलं रे मला. सगळं कळलं."

पंपाचा काटा हलला आणि थांबला. काकूंनी चष्मा वर सरकवून डोळे अगदी जवळ नेले.

"एक्कावन्न," त्या म्हणाल्या. "आहे अजून."