पाटलाचा आजा काचेत

मालोजी पाटलाच्या डोक्यात काही यायचं ठरलं, तर ते आधी कडाव गावभर फिरून यायचं आणि मग आत जागा आहे का ते बघायचं. जागा भरपूर असायची.

त्या साली मुंबईत एका पारशाच्या बंगल्यावर त्यानं काचेच्या पेटीत ठेवलेलं मगरीचं पिल्लू पाहिलं. परतताना आगगाडीत कर्जतपर्यंत तो हातांनी हवेत पेटीची मापं घेत होता. कर्जतला उतरून बैलगाडीत बसला नि गाडीवानाला म्हणाला, "आपल्याकडं याच्या दसपट मोठं पायजे."

ते दसपट मोठं त्याला ठाकूरवाडीत, ठमीच्या खोपटात सापडलं.

ठमी त्याच्याकडं भात सडायला यायची. दोन वर्षांमागं पेंढ्याच्या उडवीत तिला अजगराचं पिल्लू मिळालं होतं. वाडीवर त्याला आर म्हणतात. तिनं तो कणगीशेजारी तुसाच्या ढिगात ठेवला, आणि तेव्हापासून तिच्या बियाण्याला उंदराचा दात लागला नव्हता. आर आता चार हात झाला होता. ठमी शेण काढून आली की त्याच्या पाठीवरून ओला हात फिरवायची. तो जीभ हलवायचा. दोघांचं एवढंच बोलणं, पण रोजचं.

पाटलानं दोन गडी पाठवले आणि आर गोणत्यात घालून नेला. बदल्यात ठमीला एक जुनं लुगडं मिळालं. तिनं ते अंगणातच टाकलं आणि गोणत्यामागं चालत कडावात आली.

"पाटील, माझं बियाणं उंदीर खातील त्ये?"

"मांजर पाळ की गं ठमे."

"मांजराला दूध लागतं. आमी दूध कुठून आणू?"

"त्ये तुजं तू बघ," पाटील म्हणाला, आणि घरात वळून ओरडला, "अगं, आराला दुधाची परात ठेवा!"

ओटीचा निम्मा भाग पाडून काचघराचं काम सुरू झालं. बारा हात लांब, आठ हात रुंद, माणसाच्या डोक्याच्याही वर. सागाच्या चौकटी गजा सुताराच्या. गजा नेरळपर्यंत नावाजलेला, बोलायला तिखट. त्यानं विचारलं, "पाटील, मोजमाप कशाचं घेऊ? आराचं का तुमच्या मोठेपणाचं? दुसऱ्याला लाकूड पुरायचं नाय." पाटलाला ते कौतुक वाटलं. काचा मुंबईहून आल्या, तीन वाटेत फुटल्या, पुन्हा आल्या. कडी पितळेची. खाली मोराच्या नक्षीची गुळगुळीत फरशी. मधोमध पांढऱ्या दगडाचं कुंड, त्यात एक कमळ, तेही कागदाचं.

ठमी उखळाशी मुसळ थांबवून म्हणाली, "पाटील, फरशी गार हाय. खाली तूस घाला. एक अंधाराचं भोक ठेवा त्याला शिरायला. दुधावर जगत नाय तो, उंदीर द्या."

"भोकात शिरला तर लोकांना दिसनार काय? तुजं भोक?"

गडी हसले. ठमीनं मुसळ उचललं.

लोकांना दिसलं ते असं: एका कोपऱ्यात आर मुटकुळं करून पडलेला आणि समोर नासलेलं दूध. लोक हसू लागले. जनावराला दिवाणखाना नि बायकोला चुलीवर गळकं छप्पर, असं उघड बोलू लागले. तेव्हा पाटलानं आपल्या अकलेचा कळस चढवला. म्हणाला, हा साधा आर नव्हे. हे आमचे आजोबा. पुरलेल्या धनावर जीव राहिला म्हणून सर्पयोनीत आले, आता घरी परतलेत. भटजींनी शिधा पाहून मान डोलावली. म्हाताऱ्या फुलं घेऊन येऊ लागल्या. पाटील रोज सकाळी काचेसमोर हात जोडी आणि आत कधी पाऊल टाकत नसे, कारण आजोबांची त्याला भारी भीती.

सडताना बायका गाऊ लागल्या:

*काचंचा गं बंगला, त्याला पितळंची कडी*
*आजा झाला आर, नातू घाली फुलपुडी*

ठमी ओवीत आवाज मिळवत नसे. ती काचेतून पाहत असे. आराच्या पाठीवरचे ठिपके मळकट झाले होते, कातडी सैल पडली होती. घरी उंदरांनी नाचणीच्या बियाण्याची एक टोपली रिकामी केली होती. पण तिला सलत होतं ते दुसरंच. जो जीव तिच्या हाताखाली वाढला, तो तिच्या डोळ्यांदेखत उपाशी मरत होता आणि लोक त्याला हळद वाहत होते.

पौष आला. थंडी पडली. प्रांतसाहेबाचा तळ तीन दिवसांनी कडावला पडणार होता आणि साहेबाला हे काचघर दाखवायचं म्हणून पाटलानं नवा कोट शिवला होता. त्या सकाळी त्यानं काठीनं आराला ढोसलं. आर लाकडासारखा. पुन्हा ढोसलं. काही नाही.

"ठमे! गपचूप उचल आणि नदीत टाक."

पण काचेतलं गपचूप काय राहणार? काचा त्यानंच बसवल्या होत्या. फुलं घेऊन आलेल्या म्हातारीनं हंबरडा फोडला, "पाटलाचा आजा ग्येला!" घटकाभरात अंगण भरलं. भटजी आले. आता मात्र त्यांचा निरुपाय होता.

"पाटील, आजोबा म्हटलंत. अग्नी द्यायला हवा. क्षौर, दहा दिवस सुतक. नातवानंच उचलायचं."

"म्या? त्याला?" पाटील मागं सरला.

ठमी आत शिरली होती. तिनं आराच्या पोटाखाली हात घातला. बर्फासारखा गार. तिनं तो पदरात घेतला, छातीशी धरला आणि थांबली. मनगटाशी, अगदी हळू, काहीतरी आवळलं. एकदा. मग पुन्हा.

सगळे तिच्याकडं बघत होते. नुसतं "जित्ता हाय" म्हटलं असतं तर पाटलानं तिला शेला पांघरला असता, आणि आर पुन्हा त्या मोरांवर पडला असता.

"रानाचा जीव हाय," ती म्हणाली. "आमच्यात आराला जाळत नायत. मी रानात माती देते."

"मग दहन कुणाचं?" पाटलाच्या भावकीतलं कुणी ओरडलं.

"पिठाचा सर्प करतात," भटजी म्हणाले. "शास्त्र आहे. चार हात लांब करा, लांबी बरोब्बर हवी."

मग कडावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्यानं, मालोजी पाटलानं, मिशा उतरवलेल्या, डोकं तुळतुळीत, नदीकाठी उघड्या अंगानं कुडकुडत, तांदळाच्या पिठाच्या सापाला अग्नी दिला. गजा सुतार मागं उभा राहून म्हणाला, "बरा भाजतोय. गूळ हाय का कुणाकडं?" प्रांतसाहेबाच्या माणसानं सुतकाचं ऐकलं आणि तळ पोशीरला नेला.

ठमी तोवर वाडीच्या चढाला लागली होती. आर तिच्या पोटाशी, वरून घोंगडी. ती त्याला वाटभर शिव्या देत होती, कारण शिव्या थांबल्या असत्या तर रडू आलं असतं. खोपटात चुलीजवळ तिनं तूस ओतलं, त्यात त्याला पुरलं, फक्त तोंड बाहेर.

दुपारी त्यानं जीभ हलवली.

सातव्या दिवशी ती लाकडं घेऊन आली, तर नवरा शुक्रा दारात उकिडवा बसून हसत होता.

"काय रं, दात काढाया काय झालं?"

"तुजी कोंबडी कुठं हाय, बघ."

तुसाच्या ढिगाला मधोमध फुगवटा आला होता. वर एक तांबडं पीस.

"मुडद्या!" ठमी किंचाळली. "अंडी देनारी व्हती रं ती! एकच व्हती माझी! उंदीर दिसत नायत तुला, पाटलाच्या घरी राहून तोंड वर झालं व्हय?"

आर हलला नाही. ठमीनं भारा टाकला, खाली बसली आणि शिव्या देत देतच, हळूहळू, उघड्या पडलेल्या पाठीवर मूठमूठ तूस सारू लागली.