मुक्कामाचा कागद

"अर्जदाराचे पती कुठं आहेत? त्यांची सही लागते इथं."

बीडच्या पोलीस कचेरीत टेबलामागच्या बाईंनी कागदावर बोट ठेवलं. हरिबानं डोक्याचा फेटा काढून मांडीवर घेतला, मग म्हणाला, "पती म्हंजी माजा ल्योक, माऊली. त्यो वारला, बाई. चैतात. मांजरसुंब्याच्या घाटात टेम्पो पलटी झाला."

शेजारी त्याची सून दमयंती खाली मान घालून बसली होती. ती मूळची श्रीलंकेची. मस्कतला एका घरी कामाला होती, माऊली तिथंच ड्रायव्हर होता. दोघांनी तिकडंच लग्न केलं आणि सात वर्षांपूर्वी माऊली तिला घेऊन नांदूरघाटला आला. पहिलं वर्षभर हरिबा तिच्याशी एक शब्द बोलला नाही. मेंढरांमागं रानातच राहायचा. मग एका हिवाळ्यात कळपात रोग शिरला. ही पोरगी चार दिवस मेंढरांतच बसून राहिली, आया मेलेल्या कोकरांना बाटलीनं दूध पाजत. तेव्हापासून तिच्या 'मामा' या हाकेला तो ओ द्यायला लागला.

दरवर्षी माऊलीच तिला बीडला आणून मुक्काम वाढवून घ्यायचा. कायमचा कागद करायचा म्हणायचा, पण पुढच्या साली करू, पुढच्या साली करू म्हणत राहूनच गेलं.

"यांचा व्हिसा नवऱ्याच्या नात्यावर होता, बाबा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मूलबाळ?"

"न्हाई."

"अर्ज वर पाठवते. पण माझ्या हातात काही नाही."

"मी सासरा हाय की. माज्या अंगठ्यावर चालत न्हाई का?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. महिनाअखेरपर्यंत दमयंतीनं देश सोडायचा होता.

त्या दिवशी हरिबाच्या बायकोनं, सत्यभामेनं चूल पेटवली नाही. दुपारी ती एकदम म्हणाली, "सटवाचं लगीन लावू हिच्यासंगं. आपल्यात चालतंय. नवरा आसला की कागद व्हतोय म्हनं."

सटवा म्हणजे माऊलीचा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा. तो उठून बाहेर गेला.

"आत्याबाई, मी त्याला राखी बांधती," दमयंती म्हणाली.

"आगं, तुला कळत नव्हतं तवा बांधलीस."

"पहिल्या साली कळत नव्हतं. पुढं कळूनच बांधली."

"मंग जातीस काय? तिकडं कोन हाय तुला?"

"कोनी न्हाई."

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेला हरिबा पुढं सरकला. "कागदापायी तिला नवरा कशाला करायला लावतीस? माऊलीला तिनं मनानं केलं. दुसरा काय सरकारसाठी करायचा?"

"मंग ऱ्हायची कशी ती? तुमीच सांगा!" सत्यभामा रडत ओरडली.

सारं आयुष्य मेंढरांमागं तीन-तीन जिल्हे तुडवणाऱ्या हरिबाला, तू कुठला आणि इथं किती दिवस, असं कुणी कागद मागून विचारलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सत्यभामा अंथरुणावरून उठलीच नाही. दमयंतीनं आत जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. केजच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. विमानापर्यंत सोडायला सटवा निघाला होता. वैनीची बॅग त्यानं आधीच वर चढवली.

हरिबा खिडकीखाली उभा राहिला.

"पोचलीस की फोन कर."

"करते."

"शाल घेतलीस का? तितं थंडी आसंल."

"मामा, तितं थंडी नसतीच."

"आसं व्हय," तो म्हणाला. सात वर्षांत त्यानं हे कधी विचारलंच नव्हतं.

शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं सरकून दमयंतीला जागा केली. तिच्या तोंडाकडं, तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघत तिनं विचारलं, "कुन्या गावची गं तू, बाई?"

"नांदूरघाटची," दमयंती म्हणाली.

हरिबानं ते ऐकलं. गाडी हलली, स्टँडबाहेर वळली, दिसेनाशी झाली. तो तिथंच उभा होता. त्या जागेवर दुसरी गाडी आली आणि ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, तेव्हा कुठं तो बाजूला झाला.