उजळ कपाळ

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेकीचं अंग पुसायच्या निमित्ताने आईने दवाखान्याच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि पिशवीतून गोरं करणाऱ्या क्रीमची डबी काढली. पोरीच्या हृदयाची झडप आकसलेली, चार पावलं चालली तरी धाप. पण आईचा जीव टांगणीला लागला होता तो रंगापायी. ऑपरेशननंतर मुलाकडची माणसं बघायला येणार होती. आत्या सगळ्यांदेखत म्हणालीच होती, "पांढऱ्या चादरीवर आमची कावळी काय उठून दिसेल." सगळे हसले. लेकही हसली, न हसून सांगते कुणाला?

"आई, झोंबतंय गं."

"सोस जरा. तुझ्याच भल्यासाठी आहे."

सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई दोन चिकटपट्ट्या घेऊन आल्या आणि थबकल्या. कपाळाची सालटी निघून लस वाहत होती.

"हे काय झालं? या पट्ट्या कपाळावरच लावतात. टोचणं नाही, काही नाही. त्यातला प्रकाश आत जातो आणि मेंदूला प्राणवायू किती पोचतोय ते मशीनवर आकड्यात कळतं. हृदय थांबवून रक्त मशीनवर फिरवताना तो आकडा उतरला की आम्ही धावतो."

"मग डोक्यावर लावा की."

"केसांतून नीट कळत नाही. ओल्या जखमेवर पट्टी धरत नाही. आणि कातडी भरून येईपर्यंत थांबायला हिच्या हृदयात दम नाही. काय लावलंत?"

"काही नाही. ऊन लागलं असेल," आई म्हणाली.

पट्टीविनाच ऑपरेशन झालं. झडप छान बसली. पोरगी शुद्धीवर आली ती मात्र आईकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत. उजवा हात लुळा, तोंडातून शब्द नाही.

"मेंदूला प्राणवायू कमी पडला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पट्टी असती तर हे टळलंच असतं, असं छातीठोकपणे नाही सांगत. पण वेळेत कळलं असतं."

मुलाकडचे फिरकले नाहीत. ते कशाला येतात आता! आत्या आली. खाटेशी उभी राहून रडली, डोळे पुसले आणि म्हणाली, "काही म्हण वहिनी, रंग मात्र उजळला हो पोरीचा."

अंगातलं रक्त कमी झाल्याचा फिकटपणा तो. आईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

आत्याला शिव्या घालणं सोपं आहे, मंडळी. आज तुमच्या घरात कुणाच्या तोंडाला काय चोळलं जातंय, ते आधी बघून या.