एक दात कमी

“...आणि आम्ही शेजारून गेलो, तेव्हा रुग्णवाहिकेत आडवा पडलेला पेशंट आम्हाला बघायला उठून बसला,” मी सांगत होतो. “काचेला नाक लावून बघत राहिला. वर पोचेपर्यंत खडखडीत बरा. डॉक्टरांनी दारातूनच घरी पाठवला म्हणे.”

जेवणाच्या टेबलाभोवती हशा पिकला. बायको हसली नाही, कारण ही गोष्ट नवीन होती तेव्हापासून ती तिच्या ओळखीची. तेव्हा माझ्या मोटारसायकलवर दोघंच होते आणि रुग्णवाहिका नव्हती. पुढे तिसरा माणूस चढला, त्याच्या मांडीवर शिलाईमशीन आलं, आणि गाडी दुसऱ्या गिअरमधून टॉपला गेली. चढ मात्र पहिल्यापासून तोच, टेकडीवरच्या इस्पितळाचा.

आणखी दोघं हसली नाहीत. एक धाकटी, म्हणजे माझी मेहुणी. दुसरा तिचा नवरा, माझा साडू. त्याला आम्ही मुनी म्हणतो. स्वतःच्या लग्नात तो एकच शब्द बोलला होता, तोही फोटोवाल्याला: “झालं?”

धाकटी त्याच इस्पितळात नर्स. मुनी पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर, कायमचा रात्रपाळीचा. तो सकाळी सुटायचा तेव्हा तिची ड्यूटी लागायची, आणि ती संध्याकाळी परतायची तेव्हा तो डबा घेऊन निघालेला असायचा. मधली वीस मिनिटं तेवढी दोघांची. तो तिला मोटारसायकलवरून सोडायचा. गाडी त्यांच्या लग्नाआधीची, छोट्या इंजिनाची. वीस मिनिटं धाकटी मागून त्याच्या कानाशी बोलत असायची आणि पुढे त्याचं हेल्मेट हलत असायचं. एवढ्यावर एकोणतीस वर्षं संसार झाला, आणि माझ्यापेक्षा बरा झाला.

पण टेकडीच्या पायथ्याशी पाण्याच्या टाकीचं वळण आहे. तिथून फाटकापर्यंतचा चढ असा की छातीवर येतो. दोघांना घेऊन ती गाडी तो चढत नसे. टाकीपाशी धाकटी उतरायची, पिशवी खांद्याला लावायची आणि उरलेलं चालत जायची. ती फाटकात वळेपर्यंत मुनी खाली थांबायचा. शेजारून डॉक्टरांच्या गाड्या जायच्या, फाटकावरचा वॉचमन रोज विचारायचा, “सिस्टर, आज पण गाडी दमली का?” वॉचमन बदलले, विनोद तोच राहिला.

तर त्या दिवशी धाकटीने विचारलं, “भावोजी, टॉप गिअरमध्ये? आमच्याच गाडीसारखी गाडी?”

“अगदी हीच. इंजिन फक्त बांधून घेतलेलं. रेसिंगचा कॅम, मोठा पिस्टन, मोठा कार्ब्युरेटर.”

चाळीस वर्षं मी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा होतो. हे शब्द माझ्या तोंडून आपोआप पडतात. धाकटीचा घास तोंडाशी नेता नेता थांबला. तिने मुनीकडे पाहिलं आणि हसत म्हणाली, “मला रिटायर व्हायला आता नऊच महिने राहिलेत. एकदा तरी गाडीवर बसून फाटकातून आत गेले असते.” मग घास खाल्ला आणि विषय दुसरीकडे गेला.

तिसऱ्या दिवशी मुनी माझ्या काउंटरवर उभा. त्याने खिशातून कागद काढून समोर पसरला. कॅम, पिस्टन, कार्ब्युरेटर, मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर. मी जेवताना जे जे बरळलो होतो ते सगळं, माझ्याच क्रमाने, सुबक अक्षरात.

“याने चढेल?” त्याने विचारलं.

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्याला सांगितली नाही. इंजिनाच्या बाहेर, जिथून साखळी निघते, तिथे एक छोटं दातेरी चक्र असतं. ते काढून एक दात कमी असलेलं चक्र बसवलं की गाडीचा वेग जरा घटतो आणि ओढ वाढते. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा बदलायच्या आणि हे चक्र घालायचं, संपला प्रश्न. डोंगरातल्या वाडीवरचे दूधवाले कॅन लादलेल्या गाड्या याच जोरावर वर नेत. ते माझ्याकडून ही चक्रं बिस्किटांसारखी न्यायचे. सपाटीवरच्या माणसाला त्याची कधी गरज पडत नाही, त्यामुळे माहीतही नसतं. मुनीचं डोकं तर पंपवाल्याचं. पाणी उंच चढवायचंय, तर पंप मोठा घाला, एवढं त्याला पाठ.

चक्र माझ्या पाठीमागच्या खणात होतं. मी हात लांबवायचा अवकाश. पण ते त्याच्या हातात ठेवलं असतं तर माझ्या गोष्टीतला कॅम काढावा लागला असता, मग पिस्टन, मग शिलाईमशीनवाला उतरला असता, आणि उठून बसलेला पेशंट पुन्हा आडवा झाला असता. एवढी माणसं उभी केल्यावर मागे फिरणं मला जमत नाही.

“चढेल?” मी म्हणालो. “अरे, उडेल.”

त्याने कागदाची घडी घातली. माझा शब्द त्याला पुरला.

मग इंजिन उतरलं. सुट्टीच्या दुपारी मागच्या अंगणात जुनी चादर अंथरून मुनी ते खोलायचा. प्रत्येक बोल्ट वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. सिलिंडर मोठा करायला आम्ही दोघं लेथवाल्याकडे गेलो. तो म्हातारा तिरसट आणि खरा माणूस. मोठ्या पिस्टनसाठी कापलं की पुन्हा जुनं होणार नाही, असं त्याने दोनदा बजावलं आणि असली इंजिनं कुठे पळवणार म्हणून विचारलं. मुनी म्हणाला, “इस्पितळाचा चढ.” लेथवाल्याने हातातलं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी लेथकडे पाहिलं. गिऱ्हाइकाचा मेव्हणा-साडू कुणी जाणकार सोबत आलाय, तर आपण कशाला बोला, असं त्याला वाटलं असावं. त्याने मशीन सुरू केलं.

पार्ट यायला महिने लागले. एकदा कॅम आला तो दुसऱ्याच गाडीचा. एकदा पिस्टन आला, रिंगा नाहीत. मुनी वैतागला नाही. धाकटी बसने जाऊ लागली.

एका दुपारी मी गेलो तर मुनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुढे करून उभा आणि धाकटी त्याच्या तळव्यावर मळलेल्या कणकेची गोळी ठेवतेय. नवीन कॅम झडपा जास्त खोल ढकलतो आणि नवीन पिस्टन डोक्याने उंच. दोघांची टक्कर झाली तर इंजिनाचा चुरा. म्हणून पिस्टनच्या माथ्यावर कणीक थापायची, वरचं झाकण लावायचं, इंजिन हाताने दोनदा फिरवायचं, उघडायचं आणि झडपेने कणीक किती दाबली ते मोजायचं. मुनीने ब्लेडने कणीक कापली, तिची जाडी मोजली, वहीत लिहिली. पुन्हा थापली, पुन्हा मोजली. अख्ख्या शहरात इतकं नेटकं बांधलेलं इंजिन दुसरं नसेल, हे मी थापा वगळून सांगतो.

धाकटी पायरीवर बसून बघत होती. बसमध्ये म्हणे रोज एकच बाई शेजारी येऊन बसते आणि आपल्या सुनेची कुंडली मांडते. “त्या सुनेची चप्पल कितव्या नंबरची, ते पण मला आता माहितीये, भावोजी,” ती म्हणाली. “यांच्या मागे बसून मी बोलायचे. आता ऐकत जाते.”

मुनी मोजत होता. मी म्हणालो, जरा धीर धर, उडत जाशील. त्या दुपारीसुद्धा चक्राचं सांगता आलं असतं. ते मी खिशात घालून नेलंही होतं, आणि तसंच परत आणलं.

इंजिन तयार झालं तेव्हा तिच्या नोकरीचे तीन आठवडे उरले होते. पहिल्या किकला असा आवाज निघाला की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. मला वाटलं, चला, सुटलो. पण नवीन रिंगा मुरेपर्यंत, पहिले पाचशे किलोमीटर, इंजिनावर ओझं टाकायचं नाही असा नियम. मुनीने नियम मोडला असता तर तो मुनी कसला. तो एकटाच सपाट रस्त्यावर हळूहळू फेऱ्या मारत राहिला, आणि धाकटी बसने जात राहिली. पाचशे पुरे झाले ते तिच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी. त्या दिवशी त्याने एकट्याने चढही करून पाहिला. गाडी भसकन वर गेली. आता उद्या दोघांनी जायचं.

दुसऱ्या सकाळी मी फाटकाबाहेर पोचलो होतो. त्या दिवशी तिला ड्यूटी नव्हती, नुसता निरोप; त्यासाठी नर्सा पायऱ्यांवर जमल्या होत्या, माझी बायको त्यांच्यात. आवाज आधी आला. सपाटीवरून गाडी अशी आली की वॉचमन स्टूल सोडून उभा राहिला. मागे धाकटी, पांढऱ्या गणवेशात, एक हात मुनीच्या खांद्यावर. ती लांबूनच हसत होती.

टाकीच्या वळणाला वेग कमी करावाच लागतो. तिथेच घोटाळा झाला. रेसिंगच्या इंजिनाची सगळी ताकद वरच्या वेगात असते, खाली ते अगदीच हलकं. वळण घेऊन गाडी चढाला लागली, मागे दुसऱ्या माणसाचं वजन, आणि इंजिन गुदमरलं. दोन वेळा खोकलं. मुनीने क्लच दाबून जोर दिला, मागचं चाक जरा सरकलं आणि गाडी बंद पडली. त्याने किक मारली, तर किकनेच त्याच्या नडगीला तडाखा दिला. पुन्हा सुरू झाली, वीस पावलं आली, पुन्हा गुदमरली. जुनी गाडी निदान टाकीपर्यंत मुकाट आणायची आणि नंतर त्याच्या हुकमात असायची. हिने भर चढात, सगळ्यांसमोर मान टाकली.

धाकटी उतरली. पिशवी खांद्याला लावली, आणि नेहमीसारखी पुढे न जाता मागे जाऊन कॅरिअरला हात लावला. मुनी हँडल धरून, ती मागून ढकलत, अशी दोघं वर आली. नवीन वॉचमनने काही विचारलं नाही. नर्सांनी टाळ्या वाजवल्या, तिने घाम पुसला, आणि त्या तिला आत घेऊन गेल्या.

मुनी आत गेला नाही. गाडी भिंतीशी लावून तो तिच्या शेजारी उभा राहिला. इंजिन निवताना टिकटिक वाजत होतं. मग मी सांगून टाकलं. गोष्टीतली गाडी माझी नव्हती, दुकानाच्या मालकाची होती, आणि त्या दिवशी ती टेम्पोत घालून वर नेली होती, हे आधी. मग चक्राचं.

“तुम्हाला गाडी चालवता येत नाही,” मुनी म्हणाला, “हे मला लग्नाआधीपासून माहितीये.”

मी म्हणालो, मग मला विचारायला कशाला आलास.

“गाडीचं तुम्ही काहीही सांगता. पण पार्टचं तुम्ही कधी खोटं सांगितलेलं नाही.”

हे मात्र खरं होतं. चाळीस वर्षांत काउंटरच्या अलीकडून मी एकाही माणसाला चुकीचा पार्ट दिला नव्हता. ते मला कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तो साखळीपाशी वाकला. मग विचारलं, “ते चक्र बदलायला किती वेळ लागतो?”

“अर्धा तास.”

त्याने मान हलवली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त हिशेब करत होता, आणि कसला ते मला कळत होतं. आठ महिन्यांच्या सकाळी, प्रत्येकी वीस मिनिटं. एकत्र जायच्या तेवढ्याच शेवटच्या होत्या.

तासाभराने धाकटी बाहेर आली. हातात फुलं, काखेत भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ. मला तिच्यापाशीही बोलायचं होतं. मी सुरुवात केली, “धाकटे, ती गाडीची गोष्ट...” पण मुनीने मला पुढे जाऊ दिलं नाही. तो गाडीवर बसला आणि तिला म्हणाला, “बस.”

“सुरू होईल?” तिने विचारलं.

“उताराला लागत नाही.”

तिने घड्याळ माझ्या हातात दिलं, फुलं पिशवीत खोचली आणि मागे बसली. त्याने ब्रेक सोडला. गाडी आपसूक घरंगळली, मग वेग आला. इंजिन बंद होतं, त्यामुळे धाकटीचा आवाज मला वरपर्यंत ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते. बोलत होती मात्र, वळणापर्यंत, वळणानंतरही.

टाकीच्या पलीकडे सपाटी लागली आणि गाडी हळू होत होत थांबली. किक मारायला मुनीने पाय उचलला नाही. दोघं उतरली, एकेक बाजूने हँडल धरलं आणि घराच्या दिशेने चालू लागली.