बॉनेट, पांढरं असेल तर उत्तम

लाकडी हातोड्याचा तिसरा ठोका बॉनेटवर पडायच्या आत फोन वाजला. मास्तरांनी आधी नंबर पाहिला. दवाखान्याचा नव्हता. मग त्यांनी फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबला. दवाखान्याचा असता, तर गेले तेवीस दिवस करत आले तसा तो न उचलताच मागच्या खोलीत बायकोच्या हातात नेऊन ठेवला असता.

शेजारच्या दुकानात ग्राइंडर किंचाळत होता. पलीकडच्या बाईंची पहिली दोन वाक्यं त्यानेच गिळली.

"...बॉनेट हवंय. चार वाजायच्या आत."

यात नवल काही नव्हतं. चेपलेलं बॉनेट सरळ करावं ते मास्तरांनीच, असं गाडीवाले म्हणत. पत्रा उताणा टाकून ते आतल्या बाजूने ठोकत, थोपटून निजवल्यासारखे. मग बसवत, आणि डोळे मिटून कडेच्या फटीवरून बोट फिरवत. फट दोन्ही अंगांनी सारखी लागली की एकच शब्द म्हणत, "बसलं." नाही लागली, तर पुन्हा खाली.

"चार वाजता? आजच?"

"आजच. चारला बाहेर काढतोय."

"गाडी कुठली?"

"गाडीचं तुमचं तुम्ही बघा हो. रिक्षा करा, पण लवकर या."

मास्तरांनी हातोडा खाली ठेवला. गिऱ्हाईक जरा तिरपागडं दिसत होतं.

"नवं मिळायचं नाही इतक्यात. जुनं चालेल?"

"उलट जुनंच बरं. मऊ असतं."

"मऊ?"

"आणि रंगीत नको हं. पांढरं असेल तर उत्तम. रंगाचा त्रास होतो."

"बाई," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "रंग नाही मारला तर चार दिवसांत गंज धरेल."

 ग्राइंडर नेमका तेव्हाच थांबला.

"आजोबा, तुम्ही अकरा नंबरच्या बाळाचे आजोबाच ना? मी सिस्टर बोलतेय, माझ्या मोबाइलवरून. आत फोन नेता येत नाही, म्हणून तुमच्या लेकीने हा नंबर दिला. टोपडं म्हणतेय मी, टोपडं! आम्ही बॉनेट म्हणतो त्याला. बाळाला पेटीतून बाहेर काढतोय आज, आईच्या छातीशी द्यायला. पेटीत ऊब असते, बाहेर डोकं गार पडतं. नाड्या नकोत, बटणं नकोत. आणि माप छोटं. डोकं मोसंब्याएवढं आहे."

फोन बंद झाला तरी मास्तर तो कानाशीच धरून उभे होते.

"अगं!"

बायको धावत आली. त्या हाकेत काय होतं कोण जाणे, दारातच तिचा चेहरा उतरला. पदर मुठीत धरून ती नुसती बघत राहिली.

"बॉनेट हवंय," ते कसंबसं म्हणाले.

"मग द्या की! मला कशाला घाबरवता? दुकान भरलंय बॉनेटांनी."

"आपल्या नातीला हवंय. चार वाजता तिला पेटीतून बाहेर काढतायत."

ती पालथ्या बादलीवर बसली.  मग नाक ओढून म्हणाली, "माप?"

"मोसंब्याएवढं."

लेकीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली, त्या दिवसापासून शिवणाच्या मशीनवर चादर होती. आधी ती घरी येऊ दे, मगच सुई हातात धरीन, असं आजीने स्वतःलाच बजावलं होतं. आज तिने चादर ओढून काढली आणि कपाटातून मास्तरांचा पांढरा सदरा घेतला. लेकीच्या लग्नातला. धुऊन धुऊन सायीसारखा झालेला, आणि ग्रीस न लागलेला घरातला एकच.

"अगं, मग मी काय घालून येऊ?"

"आहे तेच घाला. तुम्हाला कोण बघायला बसलंय तिथे?"

मास्तरांनीच सुईत दोरा ओवून दिला. तिचे डोळे आज कामाचे नव्हते. मशीनच्या तालावर ती पुटपुटू लागली, लेकीच्या वेळी म्हणायची तसं, जमेल ते जुळवत:

*सुई चालली चालली, मागे दोऱ्याची पावलं,*
*इवल्या माथ्याच्यासाठी, ऊन शिवाया घेतलं.*

तेवढ्या वेळात मास्तर नळाखाली हात घासत होते. आधी घासलेट, मग साबण, मग लिंबाची फोड. नखांच्या कडांतल्या काळ्या रेघा तशाच राहिल्या. चाळीस वर्षांचा मुक्काम तो. डबा घेऊन ते रोज दवाखान्यात जात, पण जिन्यापाशीच थांबत. "माझे हात नकोत तिथे," एवढंच म्हणत. बायकोने त्यावरून कधी टोकलं नव्हतं. ती त्यांना ओळखून होती.

पावणेचारला दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं.

"बॉनेटवाले आजोबा आले का?" सिस्टर हसू दाबत म्हणाली. "एकालाच आत येता येईल हं."

मास्तर मागे सरले. बायकोने त्यांच्या पाठीत कोपर रोवलं.

"जा. फोन तुम्ही घेतलात. गिऱ्हाईक तुमचं."

आत गेल्यावर सिस्टरने हात पुढे करायला लावले. उलटसुलट पाहिले. ओला कापूस नखांवरून फिरवला. कापूस पांढराच राहिला.

"रंग पक्का आहे," ती म्हणाली. "पण हात स्वच्छ आहेत. या."

खुर्चीत लेक मागे रेलून बसली होती. तिच्या छातीवर दुलईखाली, नुकतीच पेटीतून काढलेली नात होती. दिसत होतं फक्त डोकं, आणि घडी घातल्यासारखा एक कान. लेकीने वर पाहिलं.  ती थोडी सरकली, बाबांना जागा व्हावी म्हणून.

मास्तरांनी दोन्ही हातांनी टोपडं घातलं. मग सवयीने डोळे मिटले, आणि कडेवरून बोट फिरवलं, उजव्या कानापासून कपाळावरून डाव्या कानापर्यंत.

"डावीकडे एक बोट सैल आहे," ते कुजबुजले. "तुझी आई बाहेरच आहे. एक टाका घालून आणतो."

"राहू द्या, बाबा," लेक म्हणाली. "भरेल ती."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. बोट सरकत सरकत माथ्यावर आलं होतं, आणि तिथे, सदऱ्याच्या त्या जुन्या कापडाखाली, टाळू उडत होती. अगदी हलके ठोके. एकामागून एक. एकही चुकत नव्हता.

"बसलं," मास्तर म्हणाले.