दाराजवळचा खटका

साडूचा फोन आला तेव्हा मिस्त्री करवतीशी झगडत होता. टेबलात बसवलेल्या गोल पात्यात एक जाड फळी अर्धी चिरून अडकली होती. मोटर थोडा वेळ गुं गुं करत राहिली आणि मग एकदम गप्प झाली. मिस्त्रीने टेबलाखाली वाकून मोटरीला हात लावला तर चटका बसला. जळली वाटतं, असं तो मनात म्हणतोय तोवर खिशातला फोन वाजला.

साडू बोलघेवडा माणूस. आधी हवापाण्याची, मग गुडघ्यांची चौकशी केल्याशिवाय मुद्द्यावर यायचा नाही. त्या दिवशी तो म्हणाला, "मिस्त्री, आधी खाली बसा."

मिस्त्री बसला नाही. बहिणीचा पाय मोडला म्हणून त्याची बायको तिच्याकडे मदतीला गेली होती. मोडला तो पाय बहिणीचा, आणि गेली ती ही. जिना चढताना मध्येच पायरीवर बसली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. साडूला एवढं सांगतानाही मध्ये थांबावं लागलं.

मिस्त्री होता तसा निघाला. फळी पात्यात, पेन्सिल कानावर, अंगभर भुसा. वर्कशॉपला आपण कुलूप लावलं हे त्याला नंतर कळलं ते किल्ली मुठीत सापडली म्हणून. मधलं त्याला काही आठवत नव्हतं.

आता त्या करवतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

तिची मोटर बरीच वर्षं आपली आपण सुरू होत नव्हती. वीज दिली की नुसती घुमायची, फिरायची नाही. मिस्त्रीने सुरुवातीला सगळं तपासलं होतं. फ्यूज बघितला, तारा घट्ट केल्या, मोटरीपासून पात्याकडे जाणारा बेल्ट सैल करून पाहिला, बेअरिंगला ग्रीस दिलं. शेवटी मोटरीत नव्या तारा भरून देणारा त्याचा दोस्त, ज्याला सगळे वायंडर म्हणत, तो येऊन म्हणाला की कंडेन्सर गेलाय, पहिला धक्का देणारा तोच, नवा टाक. मिस्त्री म्हणाला, टाकू. पण तोवर त्याला युक्ती सापडली होती. मोटर घुमायला लागली की हाताने बेल्टला एक झटका द्यायचा. मग ती अशी धावायची की जणू कधी बिघडलीच नव्हती.

अडचण एकच होती. खटका लांब, पार दाराजवळच्या भिंतीवर. खटका वर करून बेल्टपर्यंत पोचेस्तोवर मोटर उगाच तापायची. म्हणून बायको दाराजवळ स्टुलावर बसायची, मांडीवर स्क्रूंचा डबा घेऊन, लहानमोठे वेगळे करत. मिस्त्री बेल्टपाशी उभा राहून "लाव" म्हणायचा. ती खटका वर करायची. चिरून झालं की ती खटका खाली ओढायची आणि मोठ्याने म्हणायची, "बंद." ते ऐकल्याशिवाय मिस्त्री पात्याजवळ हात नेत नसे. सुताराच्या हातांना दहाही बोटं शाबूत होती ती त्या एका शब्दावर. खटक्याकडे मान वळवून बघायची त्याला कधी गरजच पडली नाही. खटका तिचा, करवत याची.

ती चिडवायची, "तुमची मोटर तुमच्यावरच गेलीय. ढकलल्याशिवाय हलत नाही." आणि अधूनमधून म्हणायची की हा खटका टेबलाशी आणून लावा, मी काय जन्मभर इथे बसणार आहे का. मिस्त्री म्हणायचा, लावू.

ती बहिणीकडे गेली तेव्हा मिस्त्रीने एकट्यानेच काम रेटायचं ठरवलं. तिनेच सांगितलेलं काम होतं, स्वयंपाकघरातल्या मांडणीची नवी फळी. ती यायच्या आत करून दाखवायची होती. खटका वर करून तो धावत बेल्टपाशी आला, झटका दिला, आणि फळी अर्धी चिरली जाते न जाते तोच ती अडकली. मग फोन आला.

सगळं उरकलं. भेटायला येणारे आले आणि गेले. मुलगी तेवढी मागे राहिली. दुसऱ्या गावी नोकरी करणारी, आईसारखीच थोडक्यात बोलणारी. घरात माणसं होती तोवर मिस्त्रीला काही ऐकू आलं नाही. माणसं गेल्यावर दुपारी घर इतकं शांत झालं की चमचा ठेवला तरी आवाज व्हावा. अशाच एका दुपारी तो स्वयंपाकघरात बसला होता आणि भिंतीपलीकडे, कुलूपबंद वर्कशॉपात, मोटर घुमली.

गुं. जरा वेळ. मग गप्प.

त्याला वाटलं फ्रिज असेल. फ्रिजला हात लावून पाहिला, तो बंद पडलेला नव्हता आणि घुमतही नव्हता. तो परत खुर्चीवर बसला. बराच वेळ गेला. कान वाजत असतील, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि तेवढ्यात पुन्हा, तसंच. गुं. मग गप्प.

खटका कुणी लावला, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात आला. आणि त्या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं. तो खटका लावणारं माणूस या घरात एकच होतं.

भुताखेतांवर मिस्त्रीचा विश्वास नव्हता. पण विश्वास नाही म्हणून भीती वाटत नाही असं थोडंच असतं. तो किल्ली घेऊन वर्कशॉपच्या दाराशी गेला. कुलपाला हात घातला तर आत घुमणं सुरू झालं, दाराच्या फळीतून तळहाताला जाणवेल इतकं जवळ. जशी काही ती स्टुलावर बसून वाट बघतेय, हा कधी बेल्टपाशी जातोय याची. आवाज थांबला तसा तो पाय न वाजवता माघारी आला आणि किल्ली डाळीच्या डब्यामागे ठेवून दिली. आपल्याच बायकोला आपण घाबरतोय, याची त्याला लाज वाटली. पण लाजेने भीती कमी झाली नाही. ती काय सांगतेय ते कळत नव्हतं. बोलावतेय, की मला एकटीला का पाठवलंत असं विचारतेय?

मुलीला त्याने काही सांगितलं नाही. बापाच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून ती नोकरी सोडून इथेच बसेल, ही धास्ती. तो दुपारभर रेडिओ लावून ठेवू लागला. मुलगी आवाज कमी करायची, तो पुन्हा वाढवायचा.

मग वायंडर भेटायला आला. मुलगी चहा करायला उठल्यावर मिस्त्रीने आडून विचारलं, की बाबा रे, मोटर आपोआप सुरू होऊ शकते का?

वायंडरला गंभीर बसणं जमत नसे. तो म्हणाला, "तुझी मोटर? ती वहिनींनी खटका लावल्याशिवाय कधी..." आणि तिथेच त्याची जीभ अडखळली. मग भरपाई केल्यासारखा त्याने नीट सांगितलं. असल्या मोटरीच्या पोटात एक छोटं बटण असतं. मोटर फार तापली की ते वीज तोडतं, निवली की आपणहून जोडतं. मोटर अडकलेली असेल तर ती घुमणार, तापणार, गप्प होणार, निवली की परत घुमणार. म्हणजे दिवसचे दिवस चालेल हा खेळ. पण त्याला खटका चालू राहिलेला पाहिजे.

"खटका बंद आहे," मिस्त्री म्हणाला.

"बघितलास?"

"बंदच असतो."

तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत काम संपलं आणि खटका चालू राहिला असं एकदाही झालं नव्हतं. सूर्य बुडाला की नाही हे कुणी जाऊन बघत नाही, तसा तो खटका. वायंडर म्हणाला, मग तू झोप घे, झोप झाली नाही की कानात काहीही वाजतं. जाताना तो नवा कंडेन्सर टेबलावर ठेवून गेला. मिस्त्रीची भीती मात्र दुप्पट झाली. खटका बंद, आणि मोटर घुमते. म्हणजे उरलं ते एकच.

मुलीची जायची वेळ जवळ आली. त्या दिवशी सकाळी मिस्त्री आंघोळ करून बाहेर आला तर घरात कुणी नव्हतं. डाळीचा डबा ओट्यावर पुढे ओढलेला होता. वर्कशॉपकडून मुलीची हाक आली.

"अप्पा, आईचं स्टूल घेऊन जाऊ का? आणि ही फळी अडकलीय, काढून ठेवते."

तो ओल्या पायांनी धावला. दारातच त्याला वास आला, वॉर्निश करपल्याचा, मोटरीच्या तारांवरच्या वॉर्निशचा. सुताराला तो वास कुणी सांगावा लागत नाही. आत सगळं गप्प होतं. मुलगी करवतीच्या तोंडाशी उभी होती, फळीला दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवत, आपल्याकडे ओढत. फळी थोडी सैल झाली होती. पात्याचे दात तिच्या मनगटाशी होते.

मिस्त्रीने स्टुलाकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं. स्टुलाच्या वर भिंतीवर खटका होता, आणि तो वर होता.

बंद कुणी म्हटलंच नव्हतं.

सगळं त्याला एका दमात कळलं. मोटर गप्प होती ती निवत होती म्हणून. ती आता घुमेल. आणि या मोटरीला सुरू व्हायला फक्त एक झटका लागतो. मुलगी फळी आपल्याकडे ओढत होती, आणि फळीबरोबर पातंही तिच्याच दिशेने हलत होतं. बेल्टला द्यायचा तो झटका ती देत होती.

"हात काढ" म्हणावं तर ती आधी "काय?" म्हणून वर बघेल, हात तिथेच राहतील. आणि मोटर घुमली. मुलगी दचकली, दचकून तिने फळी जोरात ओढली, फळी सुटली. पातं फिरलं.

मिस्त्रीने खटक्यावर अख्खं अंग टाकलं. खटका खाली आला तसा मिस्त्री स्टुलावरून घसरून स्क्रूंच्या डब्यावर पडला. पातं आणखी थोडं फिरून थांबलं. फळी मुलीच्या पायाशी पडली होती. तिच्या बाहीचं टोक फाटून दातांना लटकत होतं. हात तिने छातीशी धरले होते.

"बंद," मिस्त्री म्हणाला. जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाला. तो शब्द त्याने स्वतः कधी उच्चारला नव्हता.

मुलीने तिथूनच आपली बोटं त्याला दाखवली, लहानपणी जेवणाआधी धुतलेले हात दाखवायची तशी, आधी सरळ, मग उलटी. मग ती भुशातच बसली. बराच वेळ दोघंही स्क्रू सांडलेल्या जमिनीवर बसून राहिले. कुणी उठायचं धाडस करेना, जसं काही हललो तर परत सुरू होईल.

"मला ऐकू येत होतं," मुलगी शेवटी म्हणाली. "रोज. तुम्हाला विचारलं नाही. म्हटलं घाबराल."

"मला वाटलं, ती आहे."

मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "मलाही."

मिस्त्रीने वर्कशॉपचा मेन फ्यूज काढून खिशात घातला. मग पातं हाताने फिरवून पाहिलं. मोकळं फिरत होतं, म्हणजे बेअरिंग धड होतं. मोटरीचं झाकण उघडलं. जुना कंडेन्सर फुगून फुटला होता, त्याचं तेल ओघळून वाळलं होतं. हे सगळं त्याने मुलीला दाखवून, एकेक गोष्ट बोलून केलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी गेली. स्टूल तिने नेलं नाही. म्हणाली, असू दे तिथेच. बसमध्ये चढल्यावर खिडकीतून तिने विचारलं, "फ्यूज?" मिस्त्रीने खिसा थोपटून दाखवला.

आता दुपारी भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही. मिस्त्री रेडिओ लावत नाही. कधीकधी तो कान देऊन बसतो, आणि आवाज आला नाही म्हणून बरं वाटतं की वाईट, हे त्याला सांगता येत नाही. फ्यूज अजून खिशातच फिरतो. नवा कंडेन्सर डब्यात आहे. खटका टेबलाशी आणायला थोडी जास्तीची वायर आणि एखादी सकाळ लागेल, वायंडर येऊन धरायलाही तयार आहे. खटका अजून दाराजवळच आहे, आणि मांडणीची फळी अर्धी चिरायची राहिली आहे.